अध्यादेशाची मुदत कोण मोजतं?

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापलेला कुठलाही अध्यादेश काढून बघा, सुरुवात ठरलेली असते. आधी एक 'ज्याअर्थी': राज्य विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही. मग दुसरं 'ज्याअर्थी': तात्काळ कार्यवाही करणे आवश्यक व्हावे अशी परिस्थिती अस्तित्वात असल्याबद्दल राज्यपालांची खात्री पटली आहे. आणि मग 'त्याअर्थी': राज्यपाल पुढील अध्यादेश 'प्रख्यापित', म्हणजे जारी, करीत आहेत. एवढ्यावर कायदा तयार होतो. विधेयक नाही, चर्चा नाही, मतदान नाही. दिल्लीत राज्यपालांच्या जागी राष्ट्रपती असतात आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ च्या जागी १२३, बाकी साचा तोच.

या दोन 'ज्याअर्थीं'वर मला जरा थांबायचं आहे, कारण अध्यादेशाचं सगळं बरंवाईट तिथेच दडलेलं आहे.

त्याआधी एक गल्लत दूर करू. आपल्याकडे सरकारचा कुठलाही कागद बाहेर आला की 'अध्यादेश निघाला' म्हणायची सवय आहे. बऱ्याचदा तो जीआर असतो, म्हणजे शासन निर्णय. तो प्रशासनाने आपल्याच यंत्रणेला दिलेला आदेश असतो आणि अस्तित्वात असलेल्या कायद्याच्या चौकटीबाहेर त्याला जाता येत नाही. कधी ती अधिसूचना असते. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलन वाशीत थांबलं तेव्हा 'सगेसोयरे' शब्द असलेला जो कागद सरकारने दिला, त्याला कित्येक बातम्यांनी अध्यादेश म्हटलं. प्रत्यक्षात ती नियमांतल्या दुरुस्तीची मसुदा अधिसूचना होती, लोकांच्या हरकती मागवणारी. फरक शब्दापुरता नाही. अध्यादेश हा पूर्ण ताकदीचा कायदा असतो. त्याने कर लावता येतो, नवा गुन्हा ठरवता येतो, शिक्षा सांगता येते, जुना कायदा बदलता येतो.

माणसाला तुरुंगातही ठेवता येतं. सप्टेंबर १९८० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेश काढला. खटला न चालवता स्थानबद्ध करण्याची मुभा देणारा हा अध्यादेश होता. धनबादचे खासदार ए. के. रॉय स्थानबद्ध झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांच्या बाजूचा प्रश्न साधा होता. अनुच्छेद २१ म्हणतो की 'कायद्याने' ठरवलेल्या पद्धतीखेरीज कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही; मग लोकप्रतिनिधींनी संमतच न केलेला कागद 'कायदा' कसा? डिसेंबर १९८१ मध्ये न्यायालयाचं उत्तर आलं: अध्यादेश हाही कायदाच. मूलभूत हक्कांची बंधनं त्याला लागू आहेत, पण केवळ तो अध्यादेश आहे म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही.

हा अधिकार आला कुठून? ब्रिटनच्या राजाला स्वतःच्या देशात असा अधिकार नव्हता. केवळ फर्मान काढून नवा गुन्हा निर्माण करता येणार नाही, हे तिथे १६१० मध्येच ठरलं होतं. भारतासाठी मात्र १८५७ च्या उठावानंतर, १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अॅक्टने गव्हर्नर जनरलला आणीबाणीच्या प्रसंगी सहा महिन्यांपुरता अध्यादेश काढण्याची मुभा दिली. ती कशासाठी वापरली गेली, याचं एक उदाहरण प्रत्येक मराठी घराला माहीत आहे, फक्त त्यामागचा कागद माहीत नसतो. १ मे १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विनने लाहोर कटाच्या खटल्यासाठी एक अध्यादेश काढला. त्याने तीन न्यायाधीशांचं खास न्यायाधिकरण नेमलं, आरोपी हजर नसतानाही खटला चालवण्याची सोय केली आणि उच्च न्यायालयात अपील करण्याचा मार्ग बंद केला. ७ ऑक्टोबरला न्यायाधिकरणाने भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी सुनावली. त्यानंतर काही आठवड्यांतच अध्यादेशाची सहा महिन्यांची मुदत संपली. मध्यवर्ती कायदेमंडळाची संमती त्याला कधीच मिळाली नाही. कागद मेला, शिक्षा कायम राहिली.

ही आठवण ताजी असतानाच मे १९४९ मध्ये घटना समितीत अध्यादेशाच्या अनुच्छेदावर चर्चा झाली. के. टी. शहा म्हणाले की कितीही सजवला, कितीही गरजेचा ठरवला तरी हा अधिकार कायद्याच्या राज्याला नाकारणाराच आहे. हृदयनाथ कुंझरूंना मुदत खूपच कमी हवी होती. डॉ. आंबेडकरांनी अनुच्छेदाची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं की संसद भरलेली नसताना अचानक एखादी परिस्थिती उद्भवली आणि हाताशी असलेला कायदा अपुरा पडला, तर सरकारने काय करायचं? संसद बोलावेपर्यंत हात बांधून बसायचं का? हा युक्तिवाद मला आजही पटतो. पूर, साथ, न्यायालयाच्या निकालाने एका रात्रीत उभा राहिलेला पेच, अशा वेळी शेकडो लोकांना एकत्र बोलावून विधेयकाचे टप्पे पार पाडायला वेळ नसतो. अध्यादेश असावा की नसावा, हा माझा मुद्दाच नाही.

माझा मुद्दा त्या दोन 'ज्याअर्थीं'चा आहे. अधिवेशन चालू नाही, हे खरं. पण अधिवेशन कधी बोलवायचं आणि कधी संपवायचं हे कोण ठरवतं? मंत्रिमंडळ. राष्ट्रपती आणि राज्यपाल त्याच्याच सल्ल्याने तारखा काढतात. राज्यघटनेची अट एवढीच आहे की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये. आणि तातडी आहे याची 'खात्री' कुणाची पटते? नाव राष्ट्रपतींचं किंवा राज्यपालांचं, खात्री मंत्रिमंडळाची. म्हणजे दाराला दोन कुलपं लावलीत आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच खिशात ठेवल्यात.

सरकारच्या हातात नसलेली गोष्ट एकच उरते, ती म्हणजे मुदत. सभागृह पुन्हा भरलं की अध्यादेश पटलावर ठेवावा लागतो. भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी विधेयक संमत झालं नाही, तर तो आपोआप संपतो. सभागृहाने त्याआधीच नामंजूर केला तर त्याच दिवशी संपतो. सहा महिने अधिक सहा आठवडे, म्हणजे फार तर साडेसात महिने. एवढ्या काळात सरकारला कधी ना कधी निवडून आलेल्या लोकांसमोर उभं राहून सांगावं लागतं की आम्ही हे का केलं. अध्यादेशाला लोकशाहीत जी काही जागा आहे ती या एका अटीमुळे आहे.

आता पहिली दोन कुलपं व्यवहारात कशी उघडतात ते बघा. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. संसदेचं अधिवेशन २१ जुलैला सुरू होणार होतं, अवघ्या दोन दिवसांनी. नोव्हेंबर २०२१ मध्ये सीबीआय आणि ईडीच्या संचालकांचा कार्यकाळ पाच वर्षांपर्यंत वाढवता येईल असे अध्यादेश १४ तारखेला निघाले. अधिवेशन २९ तारखेला होतं. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे, काळ वेगळा. पंधरा दिवस थांबलं असतं तर काय कोसळलं असतं, हा प्रश्न दोन्ही वेळा सारखाच विचारता येतो. १९७५ मध्ये, आणीबाणीत, ३८ वी घटनादुरुस्ती करून असा प्रश्न न्यायालयात विचारायचीच सोय काढून टाकली गेली होती: राष्ट्रपतींची खात्री अंतिम, तिच्याबद्दल ब्र काढायचा नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते कलम हटवलं, म्हणून निदान दार ठोठावता तरी येतं.

राहिलं तिसरं कुलूप, मुदतीचं. ते कसं उघडलं गेलं, हे शोधून काढलं पुण्यातल्या एका प्राध्यापकाने.

गोखले अर्थशास्त्र संस्थेत डॉ. डी. सी. वाधवा हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करताना ते राज्याचे कायदे चाळत होते आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. कायदे कमी आणि अध्यादेश फार. तेच अध्यादेश पुन्हा पुन्हा. राजपत्राचे वर्षानुवर्षांचे अंक काढून त्यांनी हिशेब मांडला: १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या राज्यपालांनी २५६ अध्यादेश काढले. त्यांपैकी फक्त ५९ वर्षभराच्या आत संपले. बाकीचे दोन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं जगवले गेले. उसाच्या पुरवठ्याचं आणि खरेदीचं नियमन करणारा अध्यादेश जानेवारी १९६८ मध्ये निघाला आणि १३ वर्षं ११ महिने १९ दिवस चालला. साडेसात महिन्यांची कमाल मर्यादा असलेली ही गोष्ट!

युक्ती अगदी सोपी होती. विधानमंडळ भरायचं. विधेयक मांडायचंच नाही. सत्रसमाप्ती, म्हणजे अधिवेशन संपल्याची रीतसर घोषणा, झाली की, जुना अध्यादेश सहा आठवडे भरून संपायच्या आत, तोच मजकूर नव्या क्रमांकाने पुन्हा प्रख्यापित करायचा. एकेका दिवशी पन्नासच्या आसपास अध्यादेश असे पुन्हा काढले गेले. 'तात्काळ कार्यवाही करणे आवश्यक व्हावे अशी परिस्थिती', एका दिवसात पन्नास वेळा.

या प्रकरणातला एक कागद मला सगळ्यांत जास्त बोलका वाटतो. बिहारच्या संसदीय कार्य विभागाने जुलै १९८१ मध्ये सगळ्या सचिवांना पाठवलेलं ते परिपत्रक. त्याचा आशय असा: अधिवेशनाची सत्रसमाप्ती झाली आहे, अमुक तारखेनंतर अध्यादेश संपतील, तरी आपापल्या विभागाचे अध्यादेश त्याआधी राजपत्रात पुन्हा प्रसिद्ध होतील अशी तजवीज करावी. आणि पुढे: मजकुरात बदल नसेल तर मंत्रिमंडळाच्या मान्यतेची गरज नाही. नीट वाचा. विधानमंडळ आधीच बाजूला सारलं होतं, आता मंत्रिमंडळही बाजूला गेलं. राज्याचे कायदे दर काही महिन्यांनी नूतनीकरण करायची फाइल झाले होते आणि ती फाइल सचिवालयातल्या सचिवालयात फिरत होती. कुणी हुकूमशहा नव्हता, रणगाडे नव्हते. कारकुनी शिस्तीत, वेळापत्रकानुसार, लोकप्रतिनिधींची संमती नावाची पायरीच गाळली गेली होती.

वाधवांनी १९८३ मध्ये या संशोधनाचं पुस्तक काढलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिकाही केली. बिहार सरकारचा आक्षेप होता की या गृहस्थांचा संबंध काय? न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेप्रमाणे कारभार चालावा यात प्रत्येक नागरिकाचा संबंध आहे. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला: अध्यादेश असे यांत्रिकपणे पुन्हा पुन्हा काढणं ही राज्यघटनेशी केलेली लबाडी आहे. वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी देण्याचा आदेश झाला. पण त्याच निकालात एक फट राहून गेली. सभागृहासमोर कामाचा फारच भार असेल किंवा वेळ कमी पडला, तर पुनःप्रख्यापन चालू शकेल, असं न्यायालय म्हणून गेलं. फट दिसली की पाणी तिथूनच जातं.

भूसंपादनाचा अध्यादेश आठवत असेल. ३१ डिसेंबर २०१४ ला तो पहिल्यांदा निघाला. मार्च २०१५ मध्ये लोकसभेने विधेयक संमत केलं, राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपत होती आणि अर्थसंकल्पी अधिवेशन मधल्या सुट्टीवर होतं. म्हणजे अधिवेशन 'चालू' होतं. पण अनुच्छेद १२३ ची भाषा अशी आहे की दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असेल तरच अध्यादेश काढता येत नाही. एकाचं संपलं तरी पुरतं. म्हणून २८ मार्चला एकट्या राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली आणि ३ एप्रिलला अध्यादेश पुन्हा निघाला. ३० मेला तिसऱ्यांदा. शेवटी ऑगस्टअखेर तो संपू दिला. शत्रू मालमत्तेचा अध्यादेश २०१६ या एका वर्षात पाच वेळा काढला गेला. आणि हे एका पक्षाचं दुखणं नाही. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारचे ११ अध्यादेश ऑगस्ट २०२२ मध्ये संपले, कारण ते पुन्हा काढण्यावर राज्यपालांनी सहीच केली नाही.

आता सामान्य माणसाशी थेट भिडणारा प्रश्न. अध्यादेश मेला, तर त्याने केलेलं काय उरतं? कायदा रद्द होताना 'आधी झालेलं कायम राहील' अशी सोय असते. संपलेल्या अध्यादेशाबद्दल राज्यघटना तसं काही म्हणत नाही, फक्त म्हणते की तो अंमलात राहणार नाही. तरीही १९६२ च्या एका ओडिशाच्या प्रकरणापासून न्यायालयांनी असा समज पक्का केला होता की अध्यादेशाने दिलेले टिकाऊ स्वरूपाचे हक्क टिकतात. सरकारांना हे फार सोयीचं होतं, कारण सभागृहाने नाकारलं तरी काम झालेलं असायचं.

या समजाचा निकाल लागला तो पुन्हा बिहारच्याच प्रकरणात. डिसेंबर १९८९ मध्ये एका अध्यादेशाने ४२९ खासगी संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. शिक्षक सरकारी नोकर झाले, निदान कागदावर. मग त्यावर दुसरा अध्यादेश, तिसरा, असे ओळीने अध्यादेश येत राहिले. ते विधानमंडळासमोर मांडलेही गेले नाहीत. एप्रिल १९९२ मध्ये शेवटचा संपला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. रोज शाळेत जाऊन शिकवणाऱ्या त्या माणसांनी विचारलं, आम्ही आता कोण? आमचा पगार कुणी द्यायचा? हे भांडण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांसमोर पोचलं आणि निकाल लागला २ जानेवारी २०१७ ला. पंचवीस वर्षांनी.

न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने तीन गोष्टी ठरवल्या. पुनःप्रख्यापन ही लबाडीच. अध्यादेश सभागृहासमोर मांडणं ही औपचारिकता नसून बंधन आहे. त्यातून सुटका नाही. आणि संपलेल्या अध्यादेशातून टिकाऊ हक्क आपोआप निर्माण होत नाहीत; सार्वजनिक हित किंवा घटनात्मक निकड असेल तिथेच परिणाम टिकवायचे. दुसऱ्या मुद्द्यावर न्यायमूर्ती मदन लोकूर यांचं मत वेगळं होतं आणि सरन्यायाधीश ठाकूर यांनी तो प्रश्न खुला ठेवला. तत्त्व म्हणून हा निकाल मला शंभर टक्के मान्य आहे. पण शिक्षकांच्या वाट्याला काय आलं? दिलेला पगार परत घ्यायचा नाही, एवढंच. सरकारी नोकरीचा दावा बुडाला. सरकारने घटनेशी लबाडी केली आणि त्याची किंमत वर्गात उभ्या असलेल्या माणसाने मोजली. अध्यादेश हा राजधानीतला तांत्रिक विषय आहे असं कुणी म्हणालं की मला या ४२९ शाळा आठवतात.

कायदा चांगला की वाईट हा प्रश्न वेगळा आणि तो कसा आला हा वेगळा, हेही इथे सांगायला हवं. ५ जून २०२० ला, टाळेबंदीच्या काळात, शेतीविषयक तीन अध्यादेश निघाले. सप्टेंबरमध्ये विधेयकं आली, ती समितीकडे गेली नाहीत, त्यांपैकी दोन राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने संमत झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले. त्या कायद्यांच्या बाजूने बोलणारे अर्थतज्ज्ञ होते, विरोधातही होते. पण ज्यांच्या आयुष्याशी खेळ होता त्यांना पहिल्यांदा ते कळलं राजपत्रातून. समितीसमोर साक्ष, दुरुस्ती सुचवणं, 'हमीभावाचं लेखी द्या' असं सभागृहात वदवून घेणं, या वाटा बंद झाल्यावर उरतो रस्ता. वर्षभर लोक दिल्लीच्या सीमेवर बसले.

इतर देशांनी ही फट बुजवली आहे. इटलीत सरकारला असाच तातडीचा हुकूम काढता येतो, पण साठ दिवसांत संसदेने तो कायद्यात बदलला नाही तर तो सुरुवातीपासूनच रद्द समजला जातो. तिथेही तेच हुकूम पुन्हा काढायची सवय जडली होती. १९९६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती मोडली. पाकिस्तानात १८६१ चाच वारसा आहे, तिथे २०१० च्या घटनादुरुस्तीने १२० दिवसांची मुदत एकदाच वाढवता येते आणि तीही सभागृहाच्या ठरावाने. म्हणजे मुदतवाढ मागायला सरकारला सभागृहासमोर यावंच लागतं.

आपल्याकडेही साधनं अगदीच नाहीत असं नाही. अध्यादेशाच्या जागी विधेयक मांडताना, एवढी काय तातडी होती हे सांगणारं निवेदन सरकारने सभागृहासमोर ठेवलं पाहिजे, असा लोकसभेचा नियम ७१ आहे. कोणताही सदस्य अध्यादेश नामंजूर करण्याचा वैधानिक ठराव आणू शकतो. पुढच्या वेळी 'अध्यादेश निघाला' अशी बातमी आली की आधी तो खरंच अध्यादेश आहे का ते बघा. मग राजपत्रावरची तारीख आणि पुढच्या अधिवेशनाची तारीख शेजारी शेजारी लिहा. अधिवेशन सुरू झालं की पहिल्या आठवड्याच्या कामकाजपत्रिकेत तो पटलावर ठेवलाय का ते शोधा, आणि आपल्या मतदारसंघाच्या आमदार-खासदाराला विचारा की तातडीचं ते निवेदन तुम्ही वाचलंत का.